मिरासदार : आडनाव थोडक्यांचे, गोष्ट साऱ्या गावाची

मंडळी, आपल्या गावातली आडनावे एकदा ओळीने म्हणून बघा. पाटील निघतील, कुलकर्णी निघतील. पवार, जाधव, मोरे, शिंदे तर असायचेच. कुणी सुतार, कुणी कुंभार, कुणी गुरव. दुसऱ्या गावाहून येऊन वसलेला एखादा 'कर' लावलेलाही सापडेल. पण 'मिरासदार' सापडेल का? बहुतेक गावांत नाही सापडणार. मतदारांची यादी उघडली तर पाटलांची पानेच्या पाने भरतात. मिरासदार एखाद्या ओळीत भेटला तर भेटला.

आता गंमत पाहा. दोनशे वर्षांपूर्वी पुण्याकडच्या एखाद्या गावात जाऊन कुणी विचारले असते, "तुमच्यात मिरासदार कोण कोण?" तर चावडीवर बसलेल्यांतली निम्मीशिम्मी माणसे तरी पुढे सरसावली असती. शब्द इतका सर्वांच्या तोंडचा आणि आडनाव मात्र बोटांवर मोजण्याइतक्या घरांचे, हे कसे झाले? या प्रश्नाच्या पोटात आपल्या जमिनीच्या हक्काची गोष्ट आहे. तुमचे आडनाव काहीही असो, ही गोष्ट तुमच्याही घराची आहे.

शब्दाचे कूळ

'मिरास' हा शब्द मूळचा अरबी. वाडवडिलांकडून चालत आलेली मालमत्ता, असा त्याचा अर्थ. ज्या धातूपासून हा शब्द झाला, त्याच धातूपासून आपला 'वारस' आणि 'वारसा' झाला. म्हणजे मिरास आणि वारस ही सख्खी भावंडेच म्हणायची. पुढचे 'दार' फारसी. त्याचा अर्थ धरणारा, बाळगणारा. फौजदार, ठाणेदार, वतनदार, देणेदार यांतला 'दार' तोच. वडिलार्जित हक्क धरून असलेला तो मिरासदार.

बहामनी राज्यात आणि पुढे निजामशाही-आदिलशाहीत दरबारचे कामकाज फारसीच्या वळणाने चाले. त्यामुळे जमीन, महसूल, वसूल, हक्क, कागद, नक्कल असे कितीतरी शब्द दरबारातून चावडीवर आले आणि चावडीवरून आपल्या घरात शिरले. आज ते परके वाटत नाहीत. मिरास त्यातलाच. त्याच्या जोडीला 'थळकरी' असाही शब्द चालत असे. थळ म्हणजे शिवारातला ठरलेला जमिनीचा तुकडा, आणि त्याचा धनी तो थळकरी. गावात कोणते थळ कोणाचे, याची जी यादी असे तिला 'थळझाडा' म्हणत. आजच्या सातबाऱ्याचा तो एक पूर्वजच समजा.

सतराव्या शतकात हा शब्द किती मुरलेला होता, हे तुकोबारायांच्या अभंगांवरून कळते. मिरासीच्या शेताचा दाखला त्यांनी दिला आहे. कीर्तन ऐकायला बसलेल्या माणसाला तो शब्द फोडून सांगावा लागत नव्हता.

मिरासदार आणि उपरी

त्या काळी गावात जमीन कसणाऱ्यांचे मुख्यतः दोन वर्ग होते. एक मिरासदार, दुसरा उपरी. मिरासदाराची जमीन बापाकडून मुलाकडे जाई. तो सरकारसारा भरत असे तोवर त्याला कुणी उठवू शकत नसे. जमीन गहाण टाकायची किंवा विकायची तरी त्याला हक्क होता. गोतसभेत त्याला बसायला जागा होती आणि त्याच्या शब्दाला वजन होते. काही गावांत घरपट्टीसारख्या किरकोळ पट्ट्याही त्याला माफ असत.

सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे परत येण्याचा हक्क. दुष्काळ पडला, लष्कराची धामधूम झाली आणि मिरासदाराला गाव सोडावे लागले, तरी त्याची मिरास बुडत नसे. पुष्कळ वर्षांनी तो किंवा त्याचा मुलगा परत आला, तर "ही आमची जमीन" म्हणून मागू शकत असे. मधल्या काळात ती दुसरा कुणी कसत असला, तरी त्याला ती सोडावी लागे.

उपऱ्याचे तसे नव्हते. नावच सांगते, तो वरून आलेला. कौलाने किंवा सालाच्या कराराने जमीन कसायची आणि ठरलेला सारा द्यायचा. जमीन विकता येत नसे, गहाण टाकता येत नसे. काही उपरी पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावात राहिले, घाम तोच गाळला, विहिरीवर पाणीही सगळ्यांबरोबर भरले. पण गोतसभेत त्यांचा शब्द खालच्या आवाजातच राहिला.

मिरासदारी म्हणजे नुसते सुख नव्हते, हेही ध्यानात घ्या. जमीन पडीक राहिली तरी तिचा सारा मिरासदाराच्या मानेवर असे. उपऱ्याला पडीक जमीन लागवडीस आणण्यासाठी हलक्या दराचा कौल मिळे, मिरासदाराला पुरा दर भरावा लागे. शिवाय दर तीन वर्षांनी 'मिरासपट्टी' म्हणून वेगळी रक्कम द्यावी लागे. मान हवा तर भार उचलायचा, असा तो व्यवहार होता.

मिरास मिळे कशी? बहुतेकांना वडिलांकडून. एखाद्या घराण्याचा वंश खुंटला, तर ती जमीन 'गतकुळी' म्हणून गावाकडे राही. गावाच्या संमतीने ती नव्या माणसाला मिराशीने देत आणि तसे मिरासपत्र करून देत. त्या कागदावर पाटलाची निशाणी नांगराची. बलुतेदारही आपापल्या हत्याराची निशाणी करीत. ज्याला अक्षर येत नव्हते, त्याची साक्ष त्याचे हत्यार देई. साऱ्या गावाने मान्य केलेला हक्क, असा त्या कागदाचा अर्थ होता.

मग आडनाव सर्वांचे का झाले नाही?

आता मुळाशी येऊ. मिरासदार पुष्कळ होते, मग मिरासदार आडनाव पुष्कळ घरांत का नाही?

नाव पडते ते वेगळेपणावरून. गावात पाटील एक, कुलकर्णी एक. "पाटलाच्या घरी जा" म्हटले की घर सापडे. म्हणून हुद्द्याचे आडनाव झाले. देशमुख, देशपांडे, चौगुले, पोतदार, फडणीस ही सारी त्याच जातीची नावे. पण जिथे चाळीस घरे मिरासदार, तिथे "मिरासदाराच्या घरी जा" म्हणून काय उपयोग? ते चाळीस जण आपापल्या कुळाच्याच नावाने ओळखले गेले, कुणी जाधव, कुणी भोसले, कुणी काळे. मिरास हा त्यांचा हक्क होता, त्याचे आडनाव व्हायचे कारण नव्हते.

जिथे एखाद्या घराची मिरास चटकन नजरेत भरण्यासारखी होती, आजूबाजूचे लोक दुसऱ्या धंद्याचे किंवा उपरी होते, तिथेच लोक त्या घराला मिरासदार म्हणू लागणार. पुढे शाळेच्या दाखल्यावर आणि सरकारी दफ्तरात आडनाव लिहिण्याची चाल पडली, तेव्हा जे नाव तोंडी होते तेच कागदावर कायमचे बसले. मिरास असणारे पुष्कळ आणि मिरासदार म्हणवणारे थोडे, हा हिशोब असा जुळतो. इतकेच काय, मिरासदारांचे प्रमाणही सगळीकडे सारखे नव्हते. पुण्याकडे ते पुष्कळ आणि खानदेशात अगदी कमी, असे पेशवाई बुडाल्यानंतर आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवले आहे.

आज महाराष्ट्रात हे आडनाव घेतले की पहिल्यांदा आठवतात ते आपले कथाकार द. मा. मिरासदार. पुरे नाव दत्ताराम मारुती मिरासदार. १९२७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला त्यांचा जन्म झाला, शिक्षण पंढरपूर आणि पुण्याला. १९९८ मध्ये परळी वैजनाथ येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २ ऑक्टोबर २०२१ रोजी ते गेले. 'माझ्या बापाची पेंड', 'भुताचा जन्म', 'व्यंकूची शिकवणी' या त्यांच्या गोष्टी वाचून किंवा ऐकून हसला नाही असा माणूस विरळा. त्यांच्या निवडक कथांच्या पुस्तकाचे नावही 'मिरासदारी'.

त्यांच्याबरोबर कथाकथन करीत गावोगाव फिरणारे दुसरे दोघे म्हणजे शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर. या तिघांची आडनावे शेजारी शेजारी मांडून बघा. पाटील हे हुद्द्याचे. माडगूळकर हे गावाचे, सांगली जिल्ह्यातल्या माडगुळ्याचे. आणि मिरासदार हे जमिनीच्या हक्काचे. एकाच व्यासपीठावर मराठी आडनावांच्या तीन वाटा एकत्र बसत होत्या. त्यांतल्या दोन वाटांनी हजारो घरे गेली, तिसरीने थोडकीच.

नाव मागे राहिले, हक्क पुढे गेला

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. १८१९ साली एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाची जी हकिगत लिहिली, तीत मिरासदारांची दखल आहे. इथले बरेच शेतकरी आपल्या जमिनीचे धनी आहेत, हे त्याला स्पष्ट दिसले होते. त्यानंतर सरकारने जमिनीची मोजणी हाती घेतली. इंदापूर तालुक्यात पहिल्या आकारणीचे दर फार चढे झाले आणि ती फसली. मग १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी तिथेच नव्याने तीस वर्षांची जमाबंदी बसवली. सर्व्हे नंबर पडले, दगड बसले, प्रत्येक नंबरावर आकार ठरला. जो आकार भरेल त्याला जमिनीवरून उठवायचे नाही, मग तो मिरासदार असो की उपरी.

१८६५ च्या कायद्याने हा कब्जेदाराचा हक्क वारशाने जाणारा आणि विकता येणारा म्हणून पक्का झाला. म्हणजे जे काल मिरासदाराचे होते ते आज उपऱ्यालाही मिळाले. दोघांतले अंतर मिटले आणि मिटल्यावर शब्दाचे काम संपले. बोलण्यात तो उरला तो टोमणा म्हणून. "पाण्याची पाळी काय तुझी एकट्याची मिरासदारी आहे का?" असे आपण अजून म्हणतोच की.

पण मंडळी, सर्वांना विकण्याचा हक्क मिळाला, तसा सर्वांना गमावण्याचाही रस्ता मोकळा झाला. पूर्वी मिरास परक्याच्या हाती जायची तर गावाची संमती लागे. आता एका कागदावर अंगठा उठला की जमीन सावकाराकडे. वीस-पंचवीस वर्षांत कर्जापायी किती जमिनी गेल्या त्याची परिणती १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात दिसली. शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले, कर्जरोखे बाहेर काढून जाळले. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला.

त्यानंतरचा मोठा टप्पा स्वातंत्र्यानंतरचा. १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, त्याने ती विकत घेतली असे कायद्याने मानले. काल ज्याला उपरी म्हटले असते, त्याचे नाव मालक म्हणून लागण्याची वाट झाली. ज्यांचे नाव कुळाच्या रकान्यात होते त्यांना लाभ झाला. ज्यांनी राबूनही नाव लावून घेतले नव्हते, त्यांतले कितीतरी हात चोळीत बसले.

दूरचे भाऊबंद

हा शब्द महाराष्ट्रापुरता नाही. तामिळनाडूत तंजावरकडे कावेरीकाठच्या भातशेतीच्या धन्यांना मिरासदारच म्हणत. आपल्याकडे मिरासदार म्हणजे बहुधा स्वतः औत धरणारा कुणबी. तिकडे मात्र तो शब्द मोठ्या जमीनदाराला चिकटला, जो शेतात मजूर राबवतो. मजुरीच्या वादातून २५ डिसेंबर १९६८ रोजी तिथल्या कीळवेण्मणी गावात ४४ माणसांना एका झोपडीत जाळून मारण्यात आले. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. एकच शब्द, पण एका मुलखात कसणाऱ्याचा आधार आणि दुसऱ्या मुलखात राबणाऱ्याचा धसका.

पंजाबात आणखी तिसराच प्रकार. तिथे 'मिरासी' म्हणजे पिढीजात गाणारे-वाजवणारे आणि घराण्यांच्या वंशावळी तोंडपाठ ठेवणारे लोक. गुरू नानकांच्या बरोबर रबाब वाजवीत फिरणारा मर्दाना मिरासीच होता. जमीन नसेल, पण पिढ्यांची नावे लक्षात ठेवण्याचे काम हीच त्यांची मिरास.

तुमच्या घरची मिरास

आता तुमच्या आमच्या घराकडे येऊ. तुमच्या आडनावाचा माग काढायचा असेल तर वाटा आहेत. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या नावांच्या जुन्या वह्या आहेत. आपले गाव आणि आडनाव सांगितले की पणजोबा-खापरपणजोबांची नावे त्यांत निघू शकतात. जुने फेरफार तहसील कचेरीतल्या अभिलेख कक्षात असतात आणि आता बरेच जुने कागद संगणकावरही आले आहेत. घरात मोडीतला एखादा कागद असेल तर तो रद्दीत घालू नका. मोडी वाचणारी माणसे अजून आहेत. पुण्याचे पुरालेखागार आणि १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्या दप्तरांत असे कागद जपून ठेवलेले आहेत.

पण नावाचा माग काढताना आजच्या नावांकडे डोळेझाक करू नका. मिरास आणि वारस ही भावंडे आहेत असे वर सांगितले ते याचसाठी. जुन्या काळी घर सोडून गेलेल्या मुलालाही मिरास परत मागता येत होती. घरातल्या मुलीला मात्र, ती समोर उभी असली तरी, कुणी मिरासदार म्हटले नाही. लग्न होऊन गेली की माहेरच्या जमिनीला ती उपरीच.

कायद्याने हेही बदलले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि साऱ्या देशाने ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला जन्माने मुलाइतकाच हक्क दिला. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र या कायद्याने उघडत नाहीत. त्याआधी, १९९० च्या सुमारास, शेतकरी संघटनेच्या 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत कितीतरी शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली होती. कायद्याची वाट न पाहता गावातली माणसे एवढे करू शकली, हे विसरण्यासारखे नाही.

म्हणून तीन गोष्टी करा. पहिली, घरातले वडीलधारे माणूस गेले की तीन महिन्यांच्या आत वारसाची वर्दी तलाठ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. दुसरी, वारसांच्या यादीत विधवा आई, मुलगे आणि मुली, लग्न झालेल्याही, सगळ्यांची नावे लिहा. एखादे नाव गाळले तर पुढे कज्जे उभे राहतात आणि जमिनीपेक्षा वकिलाचे बिल मोठे होते. तिसरी, फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून नाव, आडनाव आणि क्षेत्र अक्षर न्‌ अक्षर वाचून पाहा. चूक असेल तर तेव्हाच अर्ज द्या. दहा वर्षांनी तीच चूक निस्तरायला दहा खेटे पडतात.

बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायची असेल तर ती तिने समजून, स्वखुशीने करावी. भाऊबीजेच्या ताटात ओवाळणी घालून सही मागू नये. माहेर तिचेही आहे. ती परत येऊन "हे माझेही थळ" म्हणाली तर तिचे ते म्हणणे ऐकून घ्या, कारण तो अधिकार जुन्या मिरासदाराच्या अधिकाराहून कमी नाही.

मिरासदार हे आडनाव थोड्याच घरांत राहिले आणि ते तसेच राहणार. तुमचे आडनाव पाटील असो, पवार असो की कुंभार असो. आज संध्याकाळी दिवा लागला की पेटीतला सातबारा काढा, घरातल्या सगळ्यांना जवळ बसवा आणि मोठ्याने वाचा. कुणाचे नाव आहे आणि कुणाचे राहून गेले, ते तिथेच कळेल.